पडद्यावरच्या मातीला वजन नसते

आषाढ सरत आला की नौपाड्याच्या गल्ल्यांतून गणपतीच्या मूर्तींची लगबग सुरू होते. गोखले रस्त्याच्या आजूबाजूला कुठे ना कुठे मांडव पडतो, फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या राहतात आणि शाळेतून परतणारी मुले तिथे रेंगाळतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या इमारतीतली नववीतली एक मुलगी टॅब्लेट घेऊन आमच्याकडे आली.

"काका, हे बघा. गेल्या वर्षी शाडूचा गणपती करायला मला चार दिवस लागले होते. हा एका संध्याकाळी झाला, आणि हातसुद्धा मळले नाहीत."

गणपती सुरेख होता. सोंडेचे वळण डौलदार, पोट गुळगुळीत आणि वर उचललेल्या हातात बारीक देठाचे कमळ. तो तिने बोटाने गर्रकन फिरवून चारही बाजूंनी दाखवला. आम्ही मनापासून कौतुक केले आणि एकच प्रश्न विचारला, "हा उभा राहील का?"

तिला प्रश्नच कळला नाही. "उभाच आहे की, काका!"

संगणकावरचे हे शिल्पकाम आता शाळांपर्यंत पोचले आहे. 'झेडब्रश' ही या क्षेत्रातली सर्वांत नावाजलेली आज्ञावली १९९९ साली पुढे आली. 'ब्लेंडर' या मोफत आज्ञावलीत २००७ पासून शिल्पकामाची सोय आहे. टॅब्लेटवर बोटाने चालवता येणाऱ्या आज्ञावल्याही आता मिळतात. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे अनेक शाळांत त्रिमित छपाईची यंत्रे आली. साधने दारात आली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांची ओळख करून देताना 'अगदी मातीसारखे' असे हमखास म्हटले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे, आणि खरे नसेल तर शिक्षकाने काय करावे, हे या लेखात तपासायचे आहे.

ही माती कशाची बनलेली असते?

पडद्यावर जो गोळा दिसतो तो गोळा नसतो, जाळी असते. अवकाशात अनेक बिंदू मांडलेले असतात. ते रेघांनी जोडले की लहान लहान त्रिकोण किंवा चौकोन तयार होतात. या तुकड्यांवर सावली-उजेडाचे गणित केले की डोळ्याला भरीव वस्तूचा भास होतो. आत काहीही नसते. कवच म्हणावे तर त्यालाही जाडी नसते. फुगा निदान रबराचा असतो, ही जाळी म्हणजे नुसता भूमितीतला पृष्ठभाग.

शिल्पकाराने कुंचला टेकवला की त्या वर्तुळातले बिंदू थोडे बाहेर ओढले जातात. मधला बिंदू जास्त, कडेचे कमी, वर्तुळाबाहेरचे अजिबात नाहीत. हे गणित सेकंदात अनेक वेळा होते, म्हणून हाताखाली काहीतरी फुगल्यासारखे वाटते. संगणकावर त्रिमित आकार घडवण्याची पद्धत अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाच्या रिचर्ड पॅरेंट यांनी १९७७ मध्ये मांडली होती. त्या काळच्या संगणकाला मोजके बिंदूच पेलत. आजचा साधा संगणक लाखो बिंदू पेलतो, म्हणून बोटाबरोबर आकार हलतो. फरक पडला तो मुख्यतः संगणकाच्या वेगात.

बिंदू किती झपाट्याने वाढतात, हे वर्गात सहज दाखवता येते. घन घ्या. त्याला ६ पृष्ठे असतात. प्रत्येक पृष्ठाचे चार भाग केले की २४ होतात, पुन्हा केले की ९६. दहा वेळा केले की ६ गुणिले ४ चा दहावा घात, म्हणजे ६२,९१,४५६. घातांकाचा धडा शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

हात फिरवला की माती कमी होते

आता पहिली तक्रार. खऱ्या मातीचा खडबडीत गोळा अंगठ्याने चोळून गुळगुळीत केला तर माती एका जागेवरून दुसरीकडे सरकते. गोळ्याचे घनफळ जवळजवळ तेच राहते. पडद्यावरचा गुळगुळीत करणारा कुंचला काय करतो? त्याच्या साध्या रूपात तो प्रत्येक बिंदूला त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरी जागेकडे नेतो. परिणाम काय होतो, हे कागदावर पाहता येईल.

केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर शिरोबिंदू असलेला सुसम षटकोन काढा. आता प्रत्येक शिरोबिंदूसाठी त्याच्या दोन शेजाऱ्यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा मध्यबिंदू घ्या. या सहा मध्यबिंदूंचा नवा षटकोन बनतो. त्याचे शिरोबिंदू केंद्रापासून फक्त ३ सेंटिमीटरवर येतात. क्षेत्रफळ एक चतुर्थांश झाले! सहाऐवजी बारा बाजू घेतल्या तर ६ चे सुमारे ५.२ होतात आणि क्षेत्रफळ तीन चतुर्थांश उरते. बिंदू जितके जास्त तितकी घट कमी, पण घट होतेच. प्रत्यक्ष आज्ञावली एका फटक्यात पूर्ण सरासरीपर्यंत जात नाही, थोडेसेच सरकते. तरीही बारीक बोट, नाकाचा शेंडा, कानाची पाळी यांवर कुंचला पुन्हा पुन्हा फिरवला की ती झिजत जातात. ती माती कुठेच गेलेली नसते, ती हिशेबातून नाहीशी झालेली असते.

गणितज्ञांना हे ठाऊक आहे आणि त्यावर उपायही आहेत. गॅब्रिएल टॉबिन यांनी १९९५ मध्ये सुचवलेला उपाय असा : एक पाऊल आत टाकावे आणि लगेच त्याहून किंचित मोठे पाऊल बाहेर टाकावे. खडबडीतपणा जातो आणि आकार आक्रसत नाही. युक्ती सुंदर आहे. पण ती मुद्दाम योजावी लागली, हेच ध्यानात घ्यायचे. मातीला द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवावा लागत नाही, संगणकाला तो शिकवावा लागतो. ज्या मुलाने केवळ पडद्यावर घडवले त्याला पुष्कळदा असे वाटते की पोट मोठे करायचे तर नुसते फुगवायचे. आणखी माती आणावी लागते, हे त्याच्या हाताला कळलेलेच नसते.

बटाटेवडा आणि मेदुवडा

दुसरी गंमत भोकाची. मातीच्या गोळ्यात बोट खुपसले की पलीकडून बाहेर येते आणि भोक पडते. पडद्यावरच्या जाळीत कुंचल्याने कितीही आत ढकला, भोक पडत नाही. पुढचा पृष्ठभाग मागच्या पृष्ठभागातून आरपार जातो आणि पाठीवर एक विचित्र फोड उमटतो.

असे का होते, हे ऑयलरच्या सूत्राने समजते. घनाचे शिरोबिंदू ८, कडा १२, पृष्ठे ६. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की ८ − १२ + ६ = २. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक पृष्ठाचे चार भाग केले की २६ − ४८ + २४, पुन्हा २. आणखी एकदा केले की ९८ − १९२ + ९६, तरीही २. बिंदू कितीही ओढा-ढकला, त्यांची संख्या आणि जोडणी बदलत नाही, तेव्हा उत्तरही बदलत नाही. बटाटेवड्यासारख्या आकाराचे उत्तर २ येते आणि मेदुवड्यासारख्या, म्हणजे एक भोक असलेल्या आकाराचे ०. नुसत्या ढकलण्याने २ चे ० होणार नाहीत. त्यासाठी जाळी कापून नव्याने शिवावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे जाळी सोडून द्यायची आणि सगळी जागा लहान लहान घनांनी भरायची. कोणता घन भरलेला आणि कोणता रिकामा, एवढेच लिहून ठेवायचे. टिन्स्ले गॅलियन आणि जॉन ह्यूज यांनी १९९१ मध्ये या तत्त्वावर शिल्पकाम करून दाखवले. यात भोकही पडते आणि दोन गोळे एकमेकांना चिकटतातही. पण किंमत मोजावी लागते. प्रत्येक बाजूस १०० घन घेतले तर एकूण १० लाख होतात, १,००० घेतले तर १०० कोटी. बारकाई दुप्पट हवी असेल तर घन आठपट लागतात. म्हणून आजच्या अनेक आज्ञावल्या दोन्ही पद्धतींची सांगड घालतात : घडवायचे जाळीत, आणि मध्येच एकदा सगळे घनांत मोडून पुन्हा जाळी विणायची.

विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही साधनाची मोठी जमेची बाजू आहे. एका सोंडेच्या निमित्ताने सरासरी, घातांक, घनफळ, ऑयलरचे सूत्र असे सगळे हाताशी येते. दुर्दैवाने आम्ही पाहिलेल्या बहुतेक वर्गांत हे कोणी उघडून दाखवत नाही. मुलांना कुंचल्यांची नावे पाठ असतात. कुंचला काय करतो, ते मात्र ठाऊक नसते. त्याहून वाईट म्हणजे कित्येकदा तयार आकार उतरवून घेऊन नुसता छापला जातो. मग त्याला शिल्पकाम का म्हणावे?

हाताला काय कळते?

तिसरी गोष्ट स्पर्शाची. माती बोटाला विरोध करते. ओली असेल तर कमी, सुकत आली की जास्त. काचेचा पडदा सर्वत्र सारखाच गुळगुळीत. ही उणीव संशोधकांना फार पूर्वीच जाणवली होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिस्बरी यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक यंत्र केले. त्याच्या टोकाशी बोट धरले की संगणकातल्या वस्तूचा विरोध बोटाला जाणवतो. अशी यंत्रे आजही आहेत, पण ती महाग असल्याने शाळेत दिसत नाहीत.

याच्या उलट पडद्याजवळ एक देणगी आहे जी मातीजवळ नाही : 'मागे जा' ही आज्ञा. चुकलेले पुसता येते, म्हणून भित्रे मूलही धीटपणे प्रयोग करते. हा गुण आम्ही फार मोलाचा मानतो. मात्र डावी-उजवी बाजू आपोआप सारखी करणाऱ्या आज्ञेचा मोह टाळायला शिकवावे. माणसाचा चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. ती आज्ञा सतत चालू ठेवून केलेले चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात.

वजन कुठे गेले?

आता मुख्य आक्षेप. आमच्या त्या छोट्या शिल्पकर्तीला आणि तिच्या तीन-चार मित्रमैत्रिणींना आम्ही पुढच्या रविवारी बोलावले आणि तोच गणपती शाडूत करायला सांगितले. पोट झाले, सोंड झाली. वर उचललेला हात लावला, तो दहा मिनिटांत मान टाकून खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. शेवटी मुले कोपऱ्यावरच्या मूर्तिकाराकडे गेली. त्यांनी हसून एक तार दिली आणि म्हणाले, "बाळांनो, आधी हाड, मग मांस."

पडद्यावर हाड लागत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नाही. तिथे मापही नाही. तोच आकार एक इंचाचा आहे की शंभर फुटांचा, हे जाळीला ठाऊक नसते. बोटांच्या चिमटीने तो मोठा करता येतो आणि दिसायला काहीच बदलत नाही. प्रत्यक्षात मात्र सगळे बदलते. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात हे स्पष्ट करून ठेवले आहे. एक फुटाची भरीव मूर्ती ४ किलोग्रॅमची आहे असे समजू. ती तंतोतंत त्याच प्रमाणात दहा फुटांची केली तर घनफळ हजारपट होईल, म्हणजे वजन ४,००० किलोग्रॅम. पायाचा आडवा छेद मात्र शंभरपटच वाढेल. तेव्हा पायाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार येईल.

मोठे पुतळे पोकळ असतात, मग प्रश्न सुटतो का? नाही. त्यांना वारा लागतो. पत्र्याची जाडी तीच ठेवून उंची दहापट केली तर वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ शंभरपट होते, आणि तो जोर दहापट उंचीवरून घोट्याला वाकवतो. घोट्याशी वाकवणारा परिणाम हजारपट, पण पोकळ घोट्याची तो सोसण्याची ताकद सुमारे शंभरपटच. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हे पेलायला आत वेगळा सांगाडा लागतो.

धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांनी सरदार पटेलांचा पुतळा घडवला, तेव्हा संगणकाचा फार मोठा उपयोग झाला. आधी हाताने लहान प्रतिकृती, मग ३० फुटांची. तिचे मोजमाप संगणकात उतरवून ती १८२ मीटरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे सुमारे वीसपट. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी या पुतळ्याचे अनावरण झाले. पण तो ब्राँझच्या कातडीवर उभा नाही. त्याच्या आत काँक्रीटचे दोन मनोरे आणि पोलादी सांगाडा आहे. वारा आणि भूकंप यांचा हिशेब स्थापत्य अभियंत्यांनी स्वतंत्रपणे केला. संगणकाने आकार नेला, भार नेला नाही. साधनाची योग्य जागा दाखवणारे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण दुःखद आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे काम आमच्या शेजारच्या कल्याणमधल्या एका तरुण शिल्पकाराकडे होते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिने पुरे होण्याआधीच, तो कोसळला. सांगाड्यातील उणिवा, सदोष जोडकाम आणि गंज ही कारणे चौकशीनंतर वृत्तपत्रांत आली. दोष कोणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पुतळा कोणत्या साधनाने घडवला, हाही आमचा मुद्दा नाही, आणि संगणकामुळे तो पडला असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुद्दा असा की अनावरणाच्या दिवशी सर्वांनी जे पाहिले ते बाह्य रूप होते, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याशी गाठ पडली ती आतल्या सांगाड्याची. मे २०२५ मध्ये तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला. तो राम सुतार यांच्याकडून करवून घेण्यात आला.

रूप पाहून समाधान मानण्याची सवय माणसाला पूर्वीपासून आहे. पडद्यावरची माती ही सवय पक्की करते, कारण तिच्यात रूपाखेरीज दुसरे काही नसतेच. या साधनावर आमचा खरा आक्षेप हाच आहे. आज नववीत असलेल्या मुलांतूनच उद्याचे शिल्पकार, अभियंते आणि पुतळ्यांच्या निविदा मंजूर करणारे अधिकारी निघणार आहेत. त्यांना 'हा उभा राहील का?' हा प्रश्न पडला पाहिजे.

वर्गात काय करता येईल?

शिक्षकमित्रांना आमची विनंती अशी की हे साधन नाकारू नये, आणि त्याला मातीच्या जागीही बसवू नये. दोन्ही एकाच टेबलावर आणावीत. आधी मुलांनी मूठभर शाडूत काहीतरी उभे करावे. ते पडू द्यावे. मग तोच आकार संगणकावर करावा. नंतर तीन प्रश्न विचारावेत : याचे घनफळ किती? गुरुत्वमध्य पायाच्या आत पडतो का? सर्वांत बारीक जागा कोणती आणि तिच्यावर किती वजन आहे? शाडूच्या मूर्तीचे घनफळ ती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून पाण्यात बुडवून मोजता येते. पडद्यावरच्या आकाराचे घनफळ ब्लेंडरसारखी आज्ञावली सांगते, पण जाळी कुठेही उसवलेली नसेल तरच. जाळी उसवलेली असेल तर येणाऱ्या उत्तराला अर्थ नसतो, आणि का नसतो ही चर्चाच एक तास घेईल.

जमल्यास एक सहलही काढावी. अलिबागजवळच्या सासवणे येथे शिल्पकार वि. पां. करमरकर यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्यातला शिवरायांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तिथे मुलांना एवढेच शोधायला सांगावे की प्रत्येक आकृतीचे वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जाते.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलीने अखेर तार घालून शाडूचा गणपती पुरा केला. मग टॅब्लेटवरचा पुन्हा उघडला, कमळाचा देठ जाड केला आणि कोपर शरीराजवळ आणले. ते करताना ती स्वतःशीच पुटपुटली, "हा आता उभा राहील."